लोणारवर आदळलेला दगड कुठला? अशनींतल्या धातूंच्या समस्थानिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणारचं विवर पाडणारा अशनी कोणत्या जातीचा होता, हे कळलंय का?

बऱ्यापैकी कळलंय. आघाताच्या वेळी वितळलेल्या लोणारच्या खडकांमधलं क्रोमियम काही वर्षांपूर्वी बारकाईने तपासण्यात आलं. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही नमुन्यांत अशनीचा अंश ३ टक्क्यांपर्यंत निघाला, आणि तो अशनी कार्बनयुक्त कॉन्ड्राइट (कधी वितळून न गेलेल्या लघुग्रहांच्या दगडांपैकी कार्बन असलेले) या वर्गातला, बहुधा त्यातल्या 'सीएम' गटातला असावा, असा निष्कर्ष निघाला.

हे कळण्यासाठी अशनीचा एकही तुकडा हाताशी नव्हता. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून त्याचं वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षं येतं. एवढं विवर पाडण्याच्या वेगाने आदळलेला दगड त्या क्षणातच वितळतो, त्याची वाफ होते. मागे राहतो तो बेसाल्टच्या काचेत मिसळून गेलेला त्याचा धातू. त्या धातूवरून दगडाची जात ओळखायची कशी, हे समजून घेण्यासाठीच पुढचे प्रश्न.

(शब्दांचा घोळ टाळण्यासाठी: आकाशात पेटत जाताना दिसते ती उल्का, आणि जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी.)

समस्थानिक म्हणजे काय? आणि प्रमाण 'असामान्य' म्हणायचं ते कशाच्या तुलनेत?

एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. क्रोमियमच्या प्रत्येक अणूत २४ प्रोटॉन असतात, न्यूट्रॉन मात्र २६, २८, २९ किंवा ३० असू शकतात. म्हणून क्रोमियम-५०, ५२, ५३ आणि ५४. रासायनिक वागणूक चौघांचीही जवळजवळ सारखीच.

पृथ्वीवर यांची वाटणी ठरलेली आहे. शंभरातले जवळपास ८४ अणू क्रोमियम-५२ चे आणि साधारण २.४ क्रोमियम-५४ चे. तुमच्या घरातल्या स्टीलच्या डब्यातलं क्रोमियम घ्या किंवा सह्याद्रीच्या कातळातलं, वाटणी तीच. म्हणून पृथ्वी हे माप धरलं जातं आणि त्यापासूनचा फरक म्हणजे 'असामान्य' प्रमाण. पृथ्वीला माप मानणं ही आपली सोय आहे. विश्वाच्या दृष्टीने पृथ्वीचं प्रमाण सामान्य आहे, असा त्याचा अर्थ नाही.

हा फरक किती मोठा असतो?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सीएम गटातल्या अशनींमध्ये क्रोमियम-५४ चं प्रमाण दहा हजारांत साधारण एका भागाने जास्त असतं. पृथ्वीच्या क्रोमियममध्ये जिथे क्रोमियम-५४ चे १०,००० अणू मोजले जातील, तिथे या अशनीत १०,००१. एवढाच फरक. दहा हजारांत एक भाग या एककाला 'एप्सिलॉन' म्हणतात. सीएम गट सुमारे +१, कार्बनयुक्तांपैकीच सीआय गट सुमारे +१.६, नेहमी पडणारे साधे कॉन्ड्राइट सुमारे −०.४, आणि वेस्टा या लघुग्रहाशी जोडले जाणारे युक्राइट साधारण −०.७.

म्हणून 'अशनीत विचित्र समस्थानिक सापडले' असा मथळा दिसला की आधी आकडा पाहावा. दगडातल्या धातूचा फरक टक्क्यांमध्ये सांगितला असेल, तर बहुधा मोजण्यात किंवा बातमी लिहिण्यात गफलत झालेली असते. अपवाद फार थोडे आहेत, ते पुढे येतील.

दगड तापला, वितळला, अर्धा उडून गेला, तर प्रमाण आपोआप बदलत नाही का?

बदलतं. हलके अणू आधी उडतात, जड मागे राहतात. पण या बदलाला शिस्त असते. तो वजनाच्या फरकाप्रमाणे पायरीपायरीने वाढत जातो. क्रोमियम-५० आणि ५२ यांच्यात किती ओढाताण झाली ते मोजलं, की त्याच हिशेबाने ५४ किती सरकायला हवा होता हे सांगता येतं. तेवढं वजा केल्यावर पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात जवळपास शून्य उरतं, मग तो खडक ज्वालामुखीतून आलेला असो की भट्टीतून. अशनीत मात्र काहीतरी शिल्लक उरतं.

ही शिल्लक महत्त्वाची. उष्णता, पाणी, आम्ल, आघात यांपैकी कशानेही ती तयार होत नाही. ती अणुकेंद्रं घडतानाच पडलेली असते.

मग ती पडली कुठे?

ताऱ्यांमध्ये. धातू वेगवेगळ्या प्रकारच्या ताऱ्यांमध्ये वेगवेगळ्या रीतीने बनतात आणि प्रत्येक रीत समस्थानिकांची आपली अशी वाटणी मागे ठेवते.

मॉलिब्डेनमचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्याचे सात समस्थानिक आहेत: ९२, ९४, ९५, ९६, ९७, ९८ आणि १००. म्हाताऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या पोटात न्यूट्रॉन एकेक करून, हजारो वर्षांच्या अवधीत अणूंना चिकटत जातात. मॉलिब्डेनम-९६ फक्त या संथ प्रक्रियेतून येतं. १०० जवळजवळ सगळं उलट टोकाच्या प्रक्रियेतून येतं, जिथे एका सेकंदाच्या आत न्यूट्रॉनचा पूर लोटतो. न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर हे त्याचं एक ठिकाण. ९२ आणि ९४ यांना तिसरीच वाट आहे, तिथे न्यूट्रॉन मिळवायचे नसून गमवायचे असतात. बाकीच्यांत संथ आणि जलद, दोन्हींचा वाटा आहे. म्हणजे एकाच धातूच्या सात आकड्यांत तीन प्रकारच्या ताऱ्यांच्या जमाखर्चाची नोंद सापडते. एखाद्या अशनीत संथ प्रक्रियेचा माल कमी पडला असेल, तर सातही आकडे मिळून एक ठरावीक नक्षी दाखवतात. एकटादुकटा आकडा चुकीचा असू शकतो. सात आकडे एकमेकांशी जुळवून घेऊन चुकत नाहीत.

ही ताऱ्यांची धूळ प्रत्यक्ष कोणी पाहिलीय का?

हो, आणि या सगळ्या विषयात मला भारावून टाकणारी गोष्ट हीच आहे.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन गावाजवळ अशनी पडला. त्याचे एकूण शंभरेक किलो तुकडे गोळा झाले. हाही सीएम गटातलाच, म्हणजे लोणारवर जे आदळलं असावं त्याच्या भाऊबंदांपैकी. त्याचा चुरा आम्लात विरघळवत नेला की शेवटी सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण उरतात, बरेचसे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. १९८७ मध्ये लक्षात आलं की हे कण आपल्या सूर्यमालेत बनलेलेच नाहीत. मरणाऱ्या ताऱ्यांच्या वाऱ्यात ते गोठले, अवकाशात भटकले आणि सूर्य जन्मला त्या ढगात येऊन मिसळले. या कणांमध्ये फरक दहा हजारांत एकाचा नसतो. काही समस्थानिकांची प्रमाणं कित्येक पटींनी वेगळी असतात. वर अपवाद म्हटलं ते हे. २०२० च्या एका अभ्यासात यांतले सर्वांत जुने कण सुमारे ७०० कोटी वर्षांचे निघाले. सूर्याचं वय ४६० कोटींच्या आसपास.

यातल्या काही कणांत रुथेनियम-९९ चं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त भरलं, हे २००४ साली दाखवण्यात आलं. हे जास्तीचं रुथेनियम मुळात टेक्नेशियम होतं. टेक्नेशियमचा एकही समस्थानिक स्थिर नाही, काळाने त्याचं दुसरं मूलद्रव्य होतं. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या प्रकाशात त्याची रेघ खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांनी १९५२ साली पाहिली होती, आणि तारे मूलद्रव्यं घडवतात याचा तो थेट पुरावा ठरला. दुर्बिणीतून जे दिसलं, त्याची राख पुढे एका दगडात मिळाली.

पण सूर्यमाला बनताना सगळं ढवळून एकजीव झालं असेल ना?

बराच काळ तसंच धरलं जात होतं. १९७० च्या दशकात अयेंदे या अशनीने त्याला तडा दिला. तो ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यात पडला आणि दोन टनांहून अधिक माल गोळा झाला. त्याच्या काळसर पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसतात. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले हे ठिपके म्हणजे सूर्यमालेतले सर्वांत जुने घन पदार्थ, वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. त्यांतल्या मोजक्या ठिपक्यांत टायटॅनियम, बेरियम, निओडिमियम अशा अनेक धातूंची प्रमाणं एकदमच बिघडलेली निघाली.

त्याहून मोठा धक्का २०११ नंतर बसला. आख्ख्या अशनींचे क्रोमियम आणि टायटॅनियमचे आकडे एकाच आलेखावर मांडले, तेव्हा बिंदू सलग पसरले नाहीत. त्यांचे दोन पुंजके पडले, आणि मध्ये मोकळी जागा. एकीकडे कार्बनयुक्त गट, दुसरीकडे बाकी सगळे, आणि पृथ्वी, मंगळही त्यांच्याच बाजूला. मॉलिब्डेनमच्या आलेखावर या दोन गटांच्या दोन जवळजवळ समांतर रेषा येतात. लोखंडी अशनीसुद्धा या दोन घराण्यांत विभागले जातात. ते तर पूर्ण वितळून गेलेले, मूळ दगडाची काही खूण न उरलेले!

याचा अर्थ सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत आतला आणि बाहेरचा (कार्बनयुक्त गटाचा) भाग दहा-वीस लाख वर्षं तरी एकमेकांत मिसळले नाहीत. अडवलं कोणी? २०१७ मध्ये मांडलेलं उत्तर म्हणजे गुरू. सूर्यमालेच्या पहिल्या दहा लाख वर्षांतच त्याचा गाभा पृथ्वीच्या वीसेक पट झाला आणि बाहेरून आत वाहणारे कण त्याने रोखून धरले. यावर वाद आहे. तबकडीतल्या वायूच्या दाबाचा उंचवटाही हे काम करू शकला असता, असं काहींचं म्हणणं. मला स्वतःला दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटत नाहीत, कारण मोठा होत जाणारा ग्रह स्वतःच असा उंचवटा तयार करतो. दोन घराणी आहेत, याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही.

काही फरक किरणोत्सर्गामुळेही येतात असं वाचलं. ते हेच का?

ते वेगळे, आणि त्यांचा उपयोग घड्याळासारखा होतो. हाफ्नियम-१८२ चं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ) सुमारे ८९ लाख वर्षं आणि त्याचं शेवटी टंगस्टन-१८२ होतं. वितळलेल्या लघुग्रहात टंगस्टन लोखंडाबरोबर गाभ्यात बुडतं, हाफ्नियम मात्र वरच्या दगडात राहतं. गाभा लवकर वेगळा झाला, तर त्यातल्या टंगस्टनला हाफ्नियमकडून नवी भर मिळत नाही. लोखंडी अशनींत टंगस्टन-१८२ पृथ्वीपेक्षा साधारण ३ ते ३.५ एप्सिलॉन कमी असतं. त्यावरून त्यांचे गाभे सूर्यमालेच्या पहिल्या काही लाख ते तीसेक लाख वर्षांतच बनले असा हिशेब निघतो. पॅलेडियम-१०७ पासून होणाऱ्या चांदीचं घड्याळही असंच चालतं.

इतका बारीक फरक मोजतात तरी कसा?

क्रोमियमचंच काम पाहू. दगड कुटायचा तो अकीकाच्या खलात. स्टीलचा खलबत्ता चालत नाही, कारण स्टेनलेस स्टीलमध्ये भरपूर क्रोमियम असतं आणि त्याचा एक चरा पडला तरी नमुना वाया जातो. स्वच्छ प्रयोगशाळेत त्यामुळे उघडा धातू शक्यतो ठेवतच नाहीत. भांडी टेफ्लॉनची, आम्लं पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन केलेली.

चिमूटभर पूड, वीस-तीस मिलिग्रॅम, हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लात घालून बंद भांड्यात दाबाखाली काही दिवस तापवतात. घाई केली की फसगत ठरलेली. बरंचसं क्रोमियम क्रोमाइट आणि स्पिनेल या खनिजांच्या हट्टी कणांत असतं, ते साध्या आम्लाला दाद देत नाहीत. हे कण न विरघळता तळाशी राहिले, तर उरलेल्या द्रावणाचं प्रमाण आख्ख्या दगडाचं नसतं. फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेय अशनीवर हे स्पष्ट दिसलं. सौम्य आम्लाने सुटलेल्या भागात क्रोमियम-५४ पृथ्वीपेक्षा कमी, आणि शेवटी चिवटपणे उरलेल्या भागात दोनशे एप्सिलॉनपर्यंत जास्त!

मग द्रावण रेझिनच्या बारीक नळ्यांतून थेंबथेंब सोडतात, पुन्हापुन्हा. उद्देश लोखंड काढणं. लोखंड-५४ आणि क्रोमियम-५४ चं वजन इतकं जवळचं, की यंत्राला ते वेगळे दिसत नाहीत, आणि अशनीत लोखंड क्रोमियमच्या कित्येक पट असतं. शेवटी एक-दोन मायक्रोग्रॅम क्रोमियम धातूच्या तारेवर सुकवून मास स्पेक्ट्रोमीटर या वजनानुसार अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात तापवतात आणि तासन्‌तास मोजतात. प्रत्येक नमुन्याच्या मागेपुढे प्रमाणित क्रोमियम मोजलं जातं. अवकाशात असताना वैश्विक किरणांनी दगडात केलेली ढवळाढवळही हिशेबात धरावी लागते, विशेषतः लोखंडी अशनींच्या बाबतीत.

या कामातली माणसं एका आकड्यासाठी महिनाभर खपतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

लोणारच्या खडकात अशनी जेमतेम ३ टक्के. मग ठसा दिसला कसा?

कारण क्रोमियमच्या बाबतीत अशनी श्रीमंत आणि बेसाल्ट गरीब. समजण्यापुरता हिशेब करू. बेसाल्टच्या दर दहा लाख भागांत १०० भाग क्रोमियम आहे असं समजा. सीएम अशनीत साधारण ३,०००. आता ३ टक्के अशनी मिसळला तर त्याच्याकडून ९० भाग आले, उरलेल्या ९७ टक्के बेसाल्टकडून ९७. म्हणजे वजनात ३ टक्के असलेल्या अशनीने जवळपास निम्मं क्रोमियम आणलं! अशनीचा एप्सिलॉन +१, बेसाल्टचा शून्य, मिश्रणाचा +०.५ च्या आसपास. आजची यंत्रं एवढा फरक ओळखू शकतात. अशनी साध्या कॉन्ड्राइटचा असता तर आकडा शून्याच्या खाली गेला असता. चिन्ह उणे की अधिक, एवढ्यावरूनही घराणं कळतं.

इरिडियमवरून हे कळत नाही का?

इरिडियम हा धातू पृथ्वीच्या वरच्या खडकांत दुर्मीळ, अशनींत भरपूर. म्हणून तो जास्त आढळला तर बाहेरून काहीतरी आलं एवढं कळतं. ते कुठल्या घराण्यातलं, हे नाही.

डायनासोर अशनीने मारले की आपल्या दख्खनच्या ज्वालामुखीने? समस्थानिक यावर काही सांगतात का?

'मारलं कोणी' यावर नाही, पण वादातल्या एका मुद्द्यावर नेमकं बोलतात. डायनासोर नाहीसे झाले तेव्हाच्या, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या पातळ मातीच्या थरात प्लॅटिनमच्या कुळातले धातू भरपूर आहेत. हे धातू दख्खनच्या उद्रेकांतून आले असतील, असं काही जण म्हणत. २०२४ मध्ये युरोपातल्या त्या थराच्या नमुन्यांतल्या, याच कुळातल्या रुथेनियमचे समस्थानिक मोजले गेले. ते पृथ्वीचे नव्हते. कार्बनयुक्त कॉन्ड्राइटशी जुळले, म्हणजे गुरूच्या पलीकडे जन्मलेल्या लघुग्रहाशी. आपल्या घाटातल्या काळ्या कातळातून आलेलं रुथेनियम पृथ्वीचंच प्रमाण दाखवणार. त्यामुळे त्या थरातल्या धातूंचा उगम आता स्पष्ट आहे. हवामान बिघडवण्यात दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न अजूनही उघडा आहे आणि तो या पद्धतीने सुटणारही नाही.

नागपूरजवळ काटोलला पडलेला अशनी याच प्रकारचा का?

नाही. २२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात पडलेला अशनी साध्या कॉन्ड्राइटच्या एल गटातला, म्हणजे आतल्या घराण्यातला. म्हणजे विदर्भाच्याच मातीत दोन्ही घराण्यांचे पाहुणे आले, लोणारला बाहेरचा आणि काटोलला आतला.

असामान्य प्रमाण म्हणजे परग्रहवासीयांनी बनवलेला धातू, असे व्हिडिओ फिरतात. खरं काय?

प्रमाण वेगळं असणं हा कोणी 'बनवल्याचा' पुरावा नाही. निसर्ग हे सर्रास करतो. आफ्रिकेत गॅबोनमधल्या ओक्लो खाणीत युरेनियम-२३५ चं प्रमाण नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ भरलं, तेव्हा १९७२ साली कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली आपोआप अणुभट्टी पेटली होती. असा दावा समोर आला तर तीन गोष्टी विचारा: एप्सिलॉनमध्ये फरक किती, चूक किती धरली आहे, आणि वजनानुसार होणारी ओढाताण वजा केली होती का. या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो दावा बाजूला ठेवावा.

भारतात यावर काम होतं का?

होतं, आणि चांगलं. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत १९९४ साली कझाकस्तानातल्या एफ्रेमोव्का अशनीच्या पांढऱ्या ठिपक्यांत कॅल्शियम-४१ ची खूण सापडली. त्याचं अर्धायुष्य जेमतेम एक लाख वर्षं. म्हणजे ताऱ्यात ते बनल्यापासून सूर्यमालेचे पहिले कण गोठेपर्यंत फार वेळ गेलेला नसणार. राजस्थानात २० जून १९९६ ला पडलेल्या पिपलिया कलां अशनीत याच प्रयोगशाळेने ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सर्गाने उष्णता देणाऱ्या समस्थानिकाची खूण शोधली. लघुग्रह मुळात वितळले कशाच्या उष्णतेने, या प्रश्नाला त्यातून मोठा आधार मिळाला.

मला एक जड, काळा दगड सापडलाय. समस्थानिक तपासून मिळतील का?

सुरुवात तिथून करू नका. आधी साध्या गोष्टी पाहा: बाहेरून पातळ, काळसर, भाजल्यासारखं कवच आहे का, चुंबक ओढला जातो का, फुटलेल्या बाजूला धातूचे चकाकते ठिपके दिसतात का. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बहुधा भट्टीतला मळ किंवा आपलाच बेसाल्ट. महाराष्ट्रात चुंबक बेसाल्टलाही थोडाफार चिकटतो, हे लक्षात ठेवा.

आकाशातून पडताना कोणी पाहिला असेल तर दगड धुऊ नका, घासू नका, कापू नका. स्वच्छ, कोऱ्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, पडल्याची जागा आणि वेळ लिहा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेले अशनी सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. आणि लोणारच्या विवरातून दगड उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे, शिवाय तिथल्या मातीत मिळणारे आघातात वितळून बनलेले काचेचे बारीक काळे थेंब जागेवरून हलले की कुठल्या थरातले होते हे सांगायला कोणी उरत नाही.